रांगोळीचे रूळ

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी गच्ची दाखवली.

मी मनमाडहून नाशकात नोकरीसाठी आले होते. सातपूरला इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनच्या कामावर रुजू झाले होते आणि राहायला जागा शोधत होते. गंगापूर रोडला, आनंदवल्लीच्या अलीकडे, एका बंगल्यात वरच्या मजल्यावर खोली आहे असं कळलं म्हणून गेले. फाटक उघडायला जे गृहस्थ आले त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, गळ्यात निळा टाय होता, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा.

"कुठली तू?"

"मनमाड."

"वा! म्हणजे रुळांच्या गावची." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वडील रेल्वेत?"

"हो."

"उत्तम. गाडी आहे तुझ्याकडे?"

"अजून नाही. पण घेणार आहे. स्कूटर."

चेहरा मावळला. "चल," ते म्हणाले आणि मला थेट गच्चीवर घेऊन गेले.

संध्याकाळची कारखाने सुटायची वेळ होती. खाली गंगापूर रोड दोन्ही अंगांनी गच्च भरला होता. मोटारसायकली, स्कूटर, त्यांच्यातून नाक खुपसणाऱ्या मोटारी, आणि या सगळ्याच्या मधोमध, डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी एक सिटी बस. जागची हलत नव्हती.

"दिसलं?" ते म्हणाले. "यातल्या कितीतरी गाड्या मी विकल्यात." तरुणपणी केलेल्या चोऱ्या सांगाव्यात तसा त्यांचा सूर होता. "खोली देतो. अट एकच. ज्या दिवशी स्कूटर आणशील त्या दिवशी खोली सोडायची."

जिन्यातून आवाज आला, "आणि माझी स्कूटर?"

काकू वर आल्या. पंजाबी ड्रेस, काखेत हेल्मेट, बोटात किल्ली फिरत होती.

"तुझं वेगळं आहे," काका खालच्या आवाजात म्हणाले.

"वेगळं काही नाही. लग्नाच्या वाढदिवसाला यांनीच दिलीय मला. दिलेली वस्तू परत मागू नये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घे गं खोली. ऊन येतं, वारा येतो, पाण्याची ओरड नाही. माणूसही चांगला आहे. फक्त बस सोडून दुसऱ्या विषयावर बोलत नाही."

काकांचं आयुष्य दुचाकी विकण्यात गेलं होतं. त्र्यंबक नाक्याजवळ त्यांचं शोरूम होतं आणि अर्धं नाशिक त्यांना 'शेठ' म्हणून ओळखायचं. विकण्याची कला त्यांच्या अंगातच होती. गाडीच्या इंजिनाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. गिऱ्हाईक आलं की त्याला गाडीवर बसवायचं, बायकोला मागं बसवायचं, पोराला टाकीवर, आणि आपण चार पावलं मागं सरून नुसतं बघत राहायचं. "काय दिसताय!" एवढंच म्हणायचे. गाडी विकली गेलेली असायची. आणखी एक गोष्ट ते सांगायचे. "गाडी कुणालाही विकू नये. ज्याच्याकडे बघून आणखी चार जण घेतात, त्याला विकावी. बाकीचे आपल्या पायांनी येतात."

मग असा माणूस बसच्या नादी लागला कसा? त्याची हकीकत ते स्वतःच रंगवून सांगत, आणि दर वेळी काकू तीत दुरुस्त्या करत.

शोरूम पुतण्याकडे सोपवलं त्या दिवशी नाशिक रोडच्या एका हॉलमध्ये त्यांचा निरोप समारंभ ठेवला होता. काका मोटारीनं वेळेवर निघाले ("वेळेवर नाही. टाय तीनदा बदलला," काकू) आणि वाटेत द्वारका चौकात अडकले. पुढं जायला वाट नाही, मागं यायला नाही. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष पुढच्या मोटारसायकलच्या नंबरप्लेटकडे गेलं. खाली त्यांच्या शोरूमचं स्टिकर. शेजारच्या स्कूटरवर तेच. तिच्या पलीकडच्या गाडीवर तेच. काचेतून जिकडे बघावं तिकडे त्यांचंच नाव हॉर्न वाजवत उभं होतं. ते हॉलवर पोचले तेव्हा पाहुणे जेवून हात धुवत होते आणि खुर्च्या एकात एक घालायचं काम सुरू झालं होतं. पुतण्यानं टेबलावर पडलेला हार उचलून घाईघाईनं त्यांच्या गळ्यात घातला.

"सगळं नाशिक माझ्या सत्काराला निघालं होतं गं," काका म्हणायचे. "मलाच वाट मिळाली नाही."

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी स्वतःची मोटार विकून टाकली आणि कित्येक वर्षांनी सिटी बसमध्ये पाऊल ठेवलं. निमाणीहून निघून अशोक स्तंभ, गंगापूर रोड, आनंदवल्ली, बारदान फाटा करत सातपूरला जाणारी ही बस त्यांच्या दारावरूनच जायची. ते शेवटपर्यंत गेले आणि त्याच बसनं परत आले. बस जवळजवळ रिकामी होती. "मला शोरूम उघडलं तो दिवस आठवला," ते म्हणायचे. "माल उत्तम, दुकान मोक्यावर, आणि गिऱ्हाईक नाही! माझे हात शिवशिवायला लागले."

तेव्हापासून काका बस विकायला लागले.

मला त्याची कल्पना नव्हती. त्यामुळे माझ्या पहिल्या सकाळी ते स्टॉपवर सोडायला निघाले तेव्हा मला वाटलं, मायेपोटी येतायत. फक्त त्यांच्या हातात रुमालानं झाकलेलं एक ताट होतं. बस आली. काकांनी मला दाराशी उभं केलं, कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला, तोंडात पेढा कोंबला, वाकून बसच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कंडक्टरच्या हातात मोबाईल देऊन म्हणाले, "घ्या फोटो."

आतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघत होती. मी लाजेनं अर्धमेली झाले.

"काका, हे काय?" मी पेढ्यातून कसंबसं विचारलं.

"डिलिव्हरी. नवी गाडी घेतली की शोरूममध्ये करतातच ना? तू तर अख्खी बस घेतलीस. मग?"

बस सुटली. चाकाखाली लिंबू फटकन फुटलं. कंडक्टर दिंडोरीकडचा होता, हसरा. तिकीट देता देता म्हणाला, "ताई, लाजू नका. शेठ लय भारी माणूस हाय. नवा पॅसेंजर आणला का असंच करत्यात. लिंबाचा आवाज आला का ड्रायव्हर मागं न बघताच सांगतो, आज एक वाढला!"

तो फोटो काकूंनी फ्रिजवर लावला. तिथं आधीच बरेच होते. हार घातलेले, भांबावलेले, तोंडात पेढा असलेले लोक. सगळ्यांच्या मागं तीच बस.

पण लिंबं फुटण्याचा वेग काही फार नव्हता. एका सकाळी कंडक्टर उतरून काकांजवळ आला. चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं.

"शेठ, कानावर आलंय म्हणून सांगतो. पुढच्या महिन्यापासून ही फेरी बंद करायचं चाललंय. पॅसेंजर नाय म्हणत्यात."

मला वाटलं, काका खचतील. ते घरी आले, चहा मागितला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या कारखान्यात असा कोण आहे, ज्यानं नवा मोबाईल घेतला की बाकीचे तसलाच घेतात?"

"आमचे साहेब," मी म्हणाले. आमच्या विभागाचे प्रमुख कॉलेज रोडला राहायचे. भल्यामोठ्या मोटारीत रोज एकटे बसून सातपूरला यायचे आणि आल्यावर अर्धा तास रहदारीला शिव्या द्यायचे.

"त्यांनी पहिली मोटारसायकल कुठून घेतली होती, विचार."

विचारलं. अर्थातच काकांकडून.

दुसऱ्या दिवशी काका टाय लावून साहेबांच्या रस्त्यावर उभे राहिले. साहेबांनी त्यांना ओळखून मोटार थांबवली. "शेठ, तुम्ही पायी? बसा ना!" काका बसले. बसबद्दल चकार शब्द काढला नाही. साहेबांच्या मोटारीचं कौतुक केलं, मुलाबाळांची चौकशी केली. मला मात्र त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. खिडकीशी बसायचं, मैत्रिणींना जवळ बसवायचं आणि आनंदात दिसायचं. आम्हाला सोंग करावं लागलं नाही. आमच्यातली एक घरून उपमा आणायची, एकीच्या थर्मासमध्ये चहा असायचा, आणि कंडक्टर दिंडोरीच्या बाजारातले किस्से सांगायचा. बस साहेबांच्या मोटारीशेजारी येऊन अडकली तेव्हा आम्ही हसून हसून लोळत होतो.

साहेब स्टिअरिंग धरून बघत राहिले. काका थोडं मागं रेलले आणि म्हणाले, "काय दिसतायत!"

असं आणखी एकदोनदा झालं. मग एका दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी आले, उगीच एक ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं, आणि म्हणाले, "ती तुमची बस किती वाजता असते?"

साहेबांच्या डिलिव्हरीला काकांनी दोन हार आणले होते. एक बसलाही घातला.

त्यानंतर मात्र लिंबं भराभर फुटायला लागली. साहेब येतात म्हटल्यावर स्टोअरवाले आले, हिशेबनीस बाई आल्या, शेजारच्या कारखान्यातले दोघं-तिघं आले. गंगापूर गावातल्या एक मावशी फुलांच्या पाट्या घेऊन याच मार्गावर ये-जा करायच्या. हार त्याच पुरवायच्या. "शेठ, तुमच्या पॅसेंजरांनी माझा झेंडू संपाया लागला," असं त्या म्हणायच्या आणि एखादा हार तसाच देऊन टाकायच्या. फेरी बंद करायची भाषा थांबली. उलट सकाळची एक फेरी वाढली. काका दोन्ही बसना स्टॉपवर हजर असायचे, लग्नात दाराशी उभ्या असलेल्या यजमानासारखे.

आणि नेमकं तेव्हाच घोडं अडलं. बस भरल्या, पण रस्ताही भरलेलाच होता. डाव्या कडेला बंगल्याबंगल्यापुढं मोटारी उभ्या, उरलेल्या जागेत दुचाकींची झुंबड, आणि त्यात आमची भरलेली बस इंच इंच सरकायची. दोन दिवस कामावर उशीर झाला. तिसऱ्या दिवशी साहेब पुन्हा मोटारीनं आले. "शेठना वाईट वाटेल, पण अडकायचंच असेल तर निदान एसीत अडकतो," ते म्हणाले. त्यांच्या मागून स्टोअरवाले गेले. बसमध्ये पुन्हा रिकाम्या सीट दिसायला लागल्या.

त्या आठवड्यात मी काकांना पहिल्यांदा बिनटायचं पाहिलं. गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"तुमच्या मनमाडात," ते म्हणाले, "कुणी असं विचारतं का, की उद्यापासून गाडी येणार आहे की नाही?"

"उशिरा येईल म्हणतात. पण येणारच नाही असं नाही कुणी म्हणत."

"का?"

मी विचार केला. "रूळ आहेत ना समोर."

"बघ!" ते ताठ बसले. "मी विकत होतो ते बरोबर होतं, पण त्याला रूळ नव्हते. बसचं काय, आज या रस्त्यानं, उद्या दुसऱ्या. परवा बंद. माणूस तिच्या भरवशावर घर घेत नाही, नोकरी धरत नाही. रूळ टाकला की सगळ्यांना दिसतं, ही जागा तिची. रुळावर कुणी मोटार लावून भाजी घ्यायला जातं का? या रस्त्याला ट्राम हवी, ट्राम! जमिनीलगत धावणारी, दोन डब्यांची, विजेवरची. एका ड्रायव्हरमागं किती माणसं जातील! आणि खांबावरची नको मला. जिने चढायला लावू नका. त्या फुलवाल्या मावशींना पाटी घेऊन फुटपाथवरून सरळ आत पाऊल टाकता आलं पाहिजे."

"अहो, पण रूळ टाकणार कोण?" काकू वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या. "मेट्रोच्या बातम्या येतात नि जातात. तुम्ही काय कुदळ घेऊन उतरणार आहात?"

"लोकांना एकदा नुसतं दिसायला पाहिजे गं. एकदा बसायला मिळालं की गाडी विकली जाते. रूळच नाहीत तर बसवू कशावर?"

काकूंनी दोरीवरची चादर ओढून तिची घडी घातली. मग म्हणाल्या, "नुसतं दिसायलाच हवेत ना? मग मी काढून देते."

"काय?"

"रूळ. रांगोळीचे. पाडवा आलाय. दारापुढच्या रांगोळीवरून आजवर कुणी गाडी घातलीय का?"

काका खुर्चीतून उठले आणि त्यांनी काकूंना चादरीसकट मिठी मारली.

गुढीपाडवा हा काकांचा वर्षातला सगळ्यात अवघड दिवस. मुहूर्तावर गाडी घ्यायला नाशिककर झुंबड करतात. शोरूमच्या काळात त्या दिवशी काकांना जेवायलाही फुरसत नसे, आणि आता ती नव्या कोऱ्या, हार घातलेल्या गाड्यांची रांग रस्त्यावर उतरताना बघून ते घराची खिडकी लावून बसत. त्या वर्षी मात्र ते पहाटेच गुढी उभारून, नवा टाय लावून रस्त्यावर होते.

काकू आदल्या दिवशी घरोघर फिरल्या होत्या. त्यांनी ट्रामचा उल्लेखही केला नव्हता. "पाडव्याची रांगोळी काढायचीय सगळ्यांनी मिळून. तेवढी मोटार आत घ्या हं," इतकंच. रांगोळीला नाही कोण म्हणणार? त्यामुळे रस्त्याची डावी कड सकाळी मोकळी, झाडूनपुसून लख्ख होती. आमच्या बंगल्यापासून पुढच्या चौकापर्यंत दोन स्टॉपचं अंतर. त्या सबंध अंतरात जिनं तिनं आपापल्या घरापुढचा तुकडा उचलला. बसच्या ड्रायव्हरनं संध्याकाळी येऊन, इकडे तिकडे उभं राहून, "एवढी जागा सोडा म्हणजे चाक लागणार नाय," असं दाखवून ठेवलं होतं. तेवढं अंतर सोडून दोन पांढऱ्या रेघा. दोरी धरून आखल्यासारख्या सरळ. रेघांच्या बाहेरून वेली, कमळं, कोयऱ्या, जिला जे येईल ते. मधे काही नाही. स्वच्छ काळा रस्ता.

रांगोळीची पोती कशी आणायची हा प्रश्न आलाच नाही. काकूंनी ती स्कूटरच्या पायाशी ठेवून दहा खेपा केल्या. "लिहून ठेव," त्या जाता जाता मला ओरडून म्हणाल्या, "नाशकातले पहिले रूळ स्कूटरवरून आले!" काकांनी तिथल्या तिथं हात जोडले. त्यानंतर त्या स्कूटरबद्दल घरात कधी वाद झालेला मी ऐकला नाही.

ऊन वर आलं तशी रहदारी वाढली. नव्या गाड्या यायला लागल्या. हँडलला हार, मागं नवी साडी, पुढं पोर. पण रांगोळी दिसली की प्रत्येक जण आपसूक उजवीकडे सरकायचा. मोटारीही. कुणी सांगावं लागत नव्हतं. उरलेल्या रस्त्यात ही गर्दी झाली, आणि डावीकडे दोन रेघांच्या मधली वाट मोकळीच्या मोकळी.

एवढ्यात मोटारसायकलवरून एक हवालदार आला. रेघेच्या बाहेरच थांबला.

"हे काय चाललंय? सगळा रस्ता अडवलाय. परवानगी आहे का?"

"पाडव्याच्या रांगोळीला परवानगी?" काकूंनी कमरेवर हात ठेवले.

हवालदारानं रांगोळीकडे पाहिलं. मग टायकडे. "शेठ? तुम्ही इथं?"

"गाडी कशी चालते?" काकांनी विचारलं.

"एक नंबर! अजून घड्याळासारखी." तो क्षणभर घुटमळला. तेवढ्यात एका तरुणानं रेघेकडे गाडीचं चाक वळवलं आणि हवालदार आपोआप गरजला, "ए! दिसत नाय का? बाया पहाटेपासून राबल्यात! इकडून घे!" पुढची सबंध सकाळ तो रेघेशी उभा राहून गाड्या उजवीकडे काढत होता. मधेच काकूंनी त्याला श्रीखंडाची वाटी नेऊन दिली.

आणि बस आली.

मी त्या बसमध्ये होते. काकांनीच मला आधीच्या स्टॉपवर पाठवलं होतं, "आतून कसं वाटतं ते मला सांग" म्हणून. पंचवटीत देवदर्शन करून परतणारी माणसं होती, फुलवाल्या मावशी होत्या, उभं राहायलाही दाटी होती. समोर नेहमीसारखाच गाड्यांचा समुद्र. ड्रायव्हरनं बस हळूच डावीकडे घेतली, दोन्ही आरशांत पाहिलं, आणि रेघांच्या मधे शिरला. मग त्यानं पाय दाबला.

असं मी नाशकात कधी अनुभवलं नव्हतं. उजव्या खिडक्यांतून अडकलेल्या मोटारी मागं मागं जात होत्या. डाव्या बाजूला दारादारात उभ्या असलेल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. बस कुठं थांबली नाही, कुठं हॉर्न वाजला नाही. आतली माणसं खिडक्यांकडे वाकली होती. मग मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "आगं बया, ही तर आगगाडी झाली!" आणि सगळी बस हसायला लागली. खाली रेघेबाहेरून काका धावत होते. लेंगा नव्हता, पाडव्याचं म्हणून धोतर होतं. गळ्यातला टाय काढून ते हातात गरगर फिरवत होते. चौकाशी पोचलो तेव्हा ड्रायव्हरनं बस थांबवून मागं वळून पाहिलं. दोन्ही रेघा जशाच्या तशा होत्या.

अडकलेल्या मोटारींत आमचे साहेब होते, बायको आणि सासूबाईंसह. ते मला नंतर कळलं. सुट्टीनंतर कामावर जायच्या पहिल्याच सकाळी ते स्टॉपवर उभे होते. काकांना पाहून नुसते हसले. काकांनी त्यांच्यासाठी नवं लिंबू ठेवलं नाही. "जुनं गिऱ्हाईक आहे," म्हणाले, "सर्व्हिसिंगला आलंय."

रांगोळी दुपारनंतर वाऱ्यानं आणि चाकांनी गेली. पण काकूंनी ती कायमची जाऊ दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक दारापुढं, रस्त्याच्या कडेला रोज सकाळी एकेक छोटी रांगोळी दिसायला लागली. ती दिसली की तिथं मोटार लावायचा कुणाला धीर होईना. मोटारी आपापल्या आवारात जायला लागल्या. रस्ता थोडा रुंद झाला, बस जरा वेगानं जायला लागली, आणि गेलेली माणसं परत आली. येताना आणखी माणसं घेऊन आली. काकांना लिंबं परवडेनाशी झाली तेव्हा त्यांनी डिलिव्हरी फक्त शनिवारी ठेवली. सामुदायिक.

माझं लग्न झालं आणि मी इंदिरानगरला राहायला गेले. ट्राम अजून आलेली नाही. काका ज्याला त्याला तिच्याबद्दल सांगतात, रहदारीवर कुठं सभा असली की मधल्या खुर्चीत टाय लावून बसतात, आणि बोलायची पाळी आली की एवढंच विचारतात, "यातल्या कुणाकुणाला बसमध्ये उभं राहून यावं लागलं? हात वर करा." हात वर होतात. दर वेळी जास्त होतात.

परवा त्यांना भेटायला गेले. काकू म्हणाल्या, स्टॉपवर आहेत, चांगला तास झाला. मी घाबरून धावले. काका स्टॉपवर दहा-बारा माणसांच्या घोळक्यात उभे होते. काठी आली आहे हातात आता. मी पोचले तेवढ्यात बस आली. दारात माणसं लटकलेली. कंडक्टर आतूनच ओरडला, "शेठ, मागून येतीय!" आणि बस गेली. मागची आली. तीही तशीच. स्टॉपवरची माणसं वैतागली. एक जण म्हणाला, काय ही बससेवा. काकांचा चेहरा मात्र सणासुदीसारखा फुलला होता.

"काका, किती वेळ उभे राहणार? रिक्षा करू या," मी म्हणाले.

"रिक्षा?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "अगं, मी रिकाम्या बसमध्ये बसून दिवस काढलेत. आज मला आत शिरायला मिळत नाहीये! तिसरी सुटली ही माझी!"

चौथी तर थांबलीसुद्धा नाही. काचांना गाल टेकलेले, दांड्याला हातच हात. काकांनी काठी काखेत मारली, दोन्ही हात वर केले आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत हलवत राहिले. मग त्यांनी टायची गाठ नीट केली आणि त्या वैतागलेल्या माणसाकडे वळले.

"साहेब, एक विचारू? ट्राम पाहिलीय कधी?"